सांगलीतली गोळीची मशीन आणि तिच्यावरून झालेली भांडणं

माझी नात पुण्यात संगणकाच्या कंपनीत नोकरी करते आणि उरलेल्या वेळात गेम खेळते. खेळते त्याहून जास्त वेळ ती गेमवरून भांडते. दिवाळीला घरी आली की सोफ्यावर मांडी घालून मोबाइलमधल्या बातम्या वाचते आणि एकटीच तणतणते. अमक्या कंपनीनं गेम विकून झाल्यावर नियम बदलले. तमक्या देशात गेमला जुगार ठरवताहेत. कुठल्याशा गेममधल्या बाईचे कपडे बदलले म्हणून अर्धं जग रागावलंय, आणि उरलेलं अर्धं बदलले ते बरं झालं म्हणून पहिल्या अर्ध्याशी भांडतंय.

गेल्या दिवाळीत मी तिला म्हणालो, "अगं, ही सगळी भांडणं मी सांगलीत स्टँडजवळच्या पत्र्याच्या गाळ्यात उभं राहून ऐकलीत. सत्तरच्या दशकात."

तिला वाटलं, आजोबा चेष्टा करताहेत. म्हणून हे सविस्तर लिहितोय. ती वाचेल अशी आशा आहे.

मी मूळचा रेडिओ मेकॅनिक. लोक मला मिस्त्री म्हणत, अजूनही म्हणतात. मुंबईला रेडिओचे सुटे भाग आणायला मी जात असे. तिथल्या भंगार बाजारात एकदा एक अजब वस्तू दिसली. चार पायांवर उभं केलेलं, मागे उंच आणि पुढे उतरतं असं टेबल, वर काच, काचेखाली रंगीत टोप्या आणि दिवे. बोटीवरच्या खलाशांच्या क्लबातून ती आली होती म्हणे. इंग्रजीत तिला पिनबॉल म्हणतात. भंगारवाल्याला ती चालते की नाही हे ठाऊक नव्हतं. मी मागचं फळकूट उघडून आत बघितलं, तर शेकडो तारा, रिले म्हणजे विजेनं आपोआप चालू-बंद होणारे खटके, आणि तांब्याच्या पट्ट्या. माझं डोकं फिरलं, म्हणजे चांगल्या अर्थानं. रेडिओच्या भागांऐवजी मी ती मशीन घेऊन सांगलीला आलो.

बायकोनं, म्हणजे सुमननं, ट्रकमधून उतरणारी ती वस्तू बघितली आणि विचारलं, "ही काय करते?"

"गोळी उडवते," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली. लग्नाला तेव्हा फार दिवस झालेले नव्हते, म्हणून निभावलं.

ज्यांनी ही मशीन पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. उजवीकडे एक स्प्रिंगचा दांडा असतो. तो ओढून सोडला की पोलादी गोळी वर जाते आणि उतारावरून घरंगळत खाली येते. वाटेत ती टोप्यांवर आपटते. प्रत्येक आपटीला घंटी वाजते आणि मागच्या उभ्या काचेत आकडे फिरतात. खाली मधोमध एक भोक असतं. त्यात गोळी गेली की ती मेली. तिला वाचवायला भोकाच्या दोन बाजूंना दोन पंजे असतात, मशीनच्या दोन कडांवरची बटणं दाबली की ते फडफडतात आणि गोळीला परत वर पिटाळतात. आणि मशीनला फार धक्का दिलात तर आतला एक लोलक हलतो, सगळे दिवे जातात आणि पंजे मरतात. इंग्रजीत त्याला टिल्ट म्हणतात. सांगलीत त्याला "मशीन रुसली" म्हणत. बस, एवढाच खेळ. पण एवढ्यात माणसाचा पुरा स्वभाव बाहेर पडतो.

गाळा आमचा स्टँडजवळ, शेजारी रसवंती. गाडी चुकलेली माणसं, कॉलेजची मुलं, पाळी संपवून आलेले माधवनगरचे गिरणी कामगार, बाजाराला आलेले शेतकरी, असं गिऱ्हाईक. पहिलं भांडण पहिल्याच आठवड्यात झालं. संध्याकाळी सांगलीचं व्होल्टेज पडत असे. व्होल्टेज पडलं की पंजांतला जोर जाई आणि गोळी अर्ध्यातून परत येई.

"मिस्त्री, सकाळी बरी चालतीय. गर्दी झाली की तुमी ढिली करता व्हय?"

मी वीज मंडळाकडे बोट दाखवलं. कुणाचा विश्वास बसला नाही. शेवटी मी गाळ्यात एक बल्ब उघडा टांगला. बल्ब पिवळा पडला की समजायचं, मशीन अशक्त आहे. ज्याला खेळायचं त्यानं समजून खेळावं. त्यानंतर गिऱ्हाइकं खेळण्याआधी वर बघायची, देवळात घंटा वाजवण्याआधी बघतात तशी. माझं तेव्हापासूनचं मत आहे की खेळणारा हरण्यावर रागावत नाही. आपल्याला अंधारात ठेवलंय असा संशय आला की रागावतो. नात ज्यांच्यावर तणतणते त्या कंपन्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

दुसरं भांडण मोठं होतं. मशीनच्या उभ्या काचेवर एक चित्र होतं, परदेशी चित्रकाराचं. समुद्रकिनारा, छत्री, आणि पोहण्याच्या कपड्यातली एक बाई. मागून दिवे लागले की बाई उजळून निघायची. आमच्याच पेठेत एक निवृत्त हेडमास्तर राहत. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. धोतर, टोपी, हातात छत्री, आणि गावातल्या प्रत्येक मुलाला नावानं ओळखणारे. त्यांचे दोन जुने विद्यार्थी कॉलेज चुकवून माझ्याकडे सापडले आणि गुरुजींनी पोलिसांकडे अर्ज केला. अर्जात दोन मुद्दे. एक, हा जुगार आहे. दोन, ते चित्र.

चित्राचा मुद्दा सुमननं आपल्या हातात घेतला. तिला रांगोळी आणि भरतकाम दोन्ही येत होतं. ऑइलपेंटचे डबे आणून तिनं काचेच्या आतून त्या बाईला हिरवं नऊवारी नेसवलं, जरीच्या काठासकट. काठावर तिनं बारीक ठिपक्यांएवढी जागा न रंगवता मोकळी ठेवली होती. दिवा लागला की काठ चमकायचा. समुद्रकिनाऱ्यावर छत्रीखाली हिरव्या लुगड्यातली गोरी बाई. कॉलेजची मुलं हळहळली. एकजण तर म्हणाला, "वैनी, कलेची हत्या केलीत." पण बाजाराला आलेल्या बायका, ज्या आजवर गाळ्यावरून तोंड फिरवून जात, त्या आत येऊन काठ बघू लागल्या. दोघी-तिघी खेळायलाही लागल्या. चित्र बदलावं की नाही यावर माझं आजही ठाम मत नाही. मूळ चित्रकारानं ते मन लावून काढलं होतं, हे खरं. पण लुगडं झकास झालं होतं, हेही तितकंच खरं.

जुगाराचा मुद्दा मात्र गंभीर होता. फौजदार स्वतः चौकशीला आले, सोबत गुरुजी. फौजदार मध्यमवयीन, मिशाळ, आवाज खालचा. मशीन जप्त झाली असती तर माझा धंदा तिथंच संपला असता. रेडिओचं दुकान मी तोवर भाड्यानं देऊन टाकलं होतं.

"हे बघा मिस्त्री," फौजदार म्हणाले, "नशिबाचा खेळ असेल तर जुगार. कसबाचा असेल तर खेळ. मला ठरवायला लागेल."

"मग साहेब, खेळूनच बघा," मी म्हणालो.

त्यांनी टोपी काढून रसवंतीच्या बाकावर ठेवली आणि दांडा ओढला. गोळी गेली, दोन टोप्यांना लागली आणि सरळ भोकात. दुसरी तशीच. तिसरीला तर घंटीही वाजली नाही.

"हे सरळ सरळ नशीब आहे," फौजदार म्हणाले. गुरुजींनी समाधानानं मान हलवली.

सुमन मागे उभी होती. ती म्हणाली, "साहेब, तुम्ही दोन्ही पंजे एकदम उडवताय. मधून वाट मिळते गोळीला. ज्या बाजूनं येईल तेवढाच उडवा."

फौजदारांनी पुन्हा दांडा ओढला. या वेळी गोळी एकदा परत गेली. मग दोनदा. त्यांनी शर्टाच्या बाह्या सारल्या. थोड्या वेळानं त्यांना गोळी पंजावर झेलून थांबवताही यायला लागली. गुरुजी आधी दूर उभे होते, ते जवळ आले. मग काचेवर वाकले. मग त्यांचा आवाज आला, "अहो, उजवा! उजवा दाबा! गेली ना!"

"गुरुजी, तुम्ही मध्ये बोलू नका," फौजदार म्हणाले.

"तुम्ही उशिरा दाबता," गुरुजी म्हणाले.

दुपार सगळी गेली. हवालदार दोनदा बोलवायला येऊन परत गेला. शेवटी फौजदारांनी रुमालानं मान पुसली आणि गुरुजींकडे वळले.

"गुरुजी, मी आलो तेव्हा मला हे येत होतं का?"

"अजिबात नाही."

"आता येतं?"

"बरं येतंय. अभ्यास हवा."

"मग तुम्हीच सांगा, नशीब शिकता येतं का?"

गुरुजी आयुष्यभर मास्तर होते. शिकता येणाऱ्या गोष्टीविरुद्ध त्यांना काही बोलता येईना. ते एवढंच म्हणाले, "परीक्षेच्या दिवसांत बंद ठेवा म्हणावं." मी लगेच कबूल झालो.

सगळं मिटलं असं वाटत होतं. फौजदारांनी जाता जाता आणखी एक गोळी खेळली आणि मशीनच्या पोटातून लाकडावर हातोडी मारावी तसा "टक" आवाज आला. ठरावीक आकड्याच्या वर गेलं की मशीन एक डाव फुकट देत असे, त्याची ती खूण. फौजदारांनी विचारलं, मी सांगितलं. त्यांचा चेहरा परत सरकारी झाला.

"हे बक्षीस झालं. खेळ चालू द्या. बक्षीस बंद करा."

मी फुकट डावाची तार तोडली. आयुष्यात तोडलेल्या तारांपैकी मला सगळ्यात वाईट वाटलं ते त्या तारेचं. टक आवाज ऐकून रस्त्यावरची माणसं वळून बघत. खेळणारा कॉलर ताठ करी. आवाज मी राहू दिला, पण त्यामागे आता काहीच मिळायचं नाही. गिऱ्हाइकं चिडली. "पैले देत होता, आता न्हाई. ही फसवणूक हाय." त्यांचं चुकत नव्हतं.

यावर तोड सुमनला सुचली. भिंतीवर तिनं काळी फळी लावली आणि सगळ्यात जास्त आकडे करणाऱ्याचं नाव खडूनं वर लिहायला सुरुवात केली. बक्षीस नाही, नुसतं नाव. मला वाटलं, नावानं कोण येणार? मी माणसं ओळखत नव्हतो. फळी लागल्यावर गर्दी दुप्पट झाली.

फळीवर सगळ्यात वर नाव असायचं यशवंत जॉबरचं. माधवनगरच्या एका गिरणीत तो मागांवर देखरेख करायचा. किडकिडीत, पान खाणारा, तोंडाळ. तुटलेला धागा चालत्या मागावर जोडायची सवय असलेली त्याची बोटं. गोळीला त्यांच्यातून निसटायला जागाच नसायची. जिंकला की तो गप्प बसत नसे. हरलेल्याच्या पाठीत थाप मारून विचारायचा, "काय गड्या, घरी सांगून आलातास काय?" बरीच माणसं त्याला हरवायलाच यायची.

आता परीक्षेचा महिना. गुरुजींना शब्द दिलेला, म्हणून गाळा बंद. मग मी मशीन ट्रकमध्ये घालून सातारा भागातल्या जत्रा करू लागलो. चैत्रात त्या बाजूला गावोगाव जत्रा असतात. रहिमतपूरच्या अलीकडे एका गावात मी तंबू ठोकला होता. तंबूतल्या सिनेमावाल्याशी ओळख काढून त्याच्या जनरेटरवरून वीज घेतली होती. त्या भागात घरटी एक माणूस फौजेत. सुट्टीवर आलेले जवान यायचे, हसत-खिदळत खेळायचे.

एक जवान मात्र तीन दिवस नुसता उभा राहून बघत होता. अंगानं भरलेला, सव्वीस-सत्तावीसचा. डावा हात खिशात. तिसऱ्या दिवशी तो पुढे आला आणि खिशातून हात काढला, तेव्हा कळलं की मनगटाच्या पुढे हात नाही. आजूबाजूची माणसं लगेच बाजूला झाली. त्यानं उजव्या हातानं दांडा ओढला आणि उजवं बटण धरलं. गोळी डावीकडून आली आणि गेली. दुसरी डावीकडून. तिसरीही. गोळीला जणू कुणी सांगितलं होतं, कुठली बाजू मोकळी आहे. तो निघून गेला. मागे कुणीतरी म्हणालं, "जयसिंग. लढाईत गेला हात."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे वडील आले. पटका, पांढरी मिशी, चपलांना उसाच्या शेतातला चिखल. गाव त्यांना तात्या म्हणायचं, घरात आबा.

"आवं मिस्त्री, एक इचारू का?"

"विचारा की तात्या."

"ह्या मशनीला एका हाताचं काय करता यील का? पोरगं आल्यापास्नं कशाकडंच बघत न्हाई. काल रात्री जेवताना हिच्याविषयी बोलला. म्हणला, गोळी डावीकडनंच येती."

मला एकदम वाटलं, अरे, हे तर सोपं आहे. या मशीनच्या बटणाला ताकद लागत नाही. बटण म्हणजे दाराच्या बेलचं बटण. दाबलं की वीज जाते आणि आतली यंत्रणा पंजा उडवते. मग बटण हाताखालीच का असावं? मी एक फळकूट घेतलं, त्यावर बेलचं बटण ठोकलं, वर सायकलच्या सीटची स्प्रिंग लावून दुसरं फळकूट बसवलं आणि तारा डाव्या बटणाच्या तारांना जोडून जमिनीवर आणल्या. पायानं दाबलं की डावा पंजा उडायचा. तात्यांनीच आधी दाबून बघितलं आणि दचकून पाय मागे घेतला.

जयसिंगला बोलावलं. तो आला, पायाखालची वस्तू बघितली आणि वडिलांकडे रागानं बघितलं. "हे कुणी सांगितलं करायला?"

"मी केलंय," मी म्हणालो. "चालतंय का बघायचं होतं. तुम्ही नाही बघितलंत तर दुसऱ्या कुणाला तरी उभं करीन."

तो उभा राहिला. पायात फौजेचे जड बूट होते. पंजा उशिरा उडायचा आणि उडाला की खाली यायचं नाव घ्यायचा नाही. त्यानं बूट काढले. अनवाणी पायानं हळूहळू अंदाज यायला लागला. स्प्रिंग ताठ होती, ती मी बदलली. जत्रा संपेपर्यंत तो रोज आला. शेवटच्या दिवशी मशीनच्या पोटातून "टक" वाजलं आणि त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं.

पुढच्याच पावसाळ्यानंतर जयसिंगला सांगलीत नोकरी लागली, एका कॉलेजात दरवान म्हणून. बहीण सांगलीतच विश्रामबागेत दिली होती, तिच्याकडे तो राहू लागला. एका रविवारी गाळ्याच्या दारात येऊन उभा. "मिस्त्री, ते फळकूट हाय काय अजून?"

होतं. मी जोडून दिलं. आमच्या गिऱ्हाइकांनी त्याला पायखटका असं नाव ठेवलं. त्या महिन्याभरात जयसिंग असा खेळायला लागला की लोक त्याच्या पायाकडे बघायचे, काचेकडे नाही. आणि एका संध्याकाळी त्याचे आकडे यशवंत जॉबरच्या वर गेले.

सुमननं खडू उचलला आणि यशवंत ओरडला, "थांबा वैनी! न्हाई चालायचं!"

"का?"

"आमी हातानं खेळतो. पायाला जोर जास्त असतो."

मी समजावलं, "अरे, जोराचा प्रश्नच नाही. वीज तेवढीच जाते."

"ते मला ठाव न्हाई. मशीन समद्यांना येकच पायजे. येकाला वेगळी, दुसऱ्याला वेगळी, मग फळी कशाला लावली?"

गाळ्यात दोन तट पडले. काहीजण यशवंतच्या अंगावर धावून गेले, लाज वाटते का म्हणाले, जवानाशी असं बोलतोस म्हणाले. काहीजण खालच्या आवाजात म्हणाले की मुद्दा बरोबर आहे. खेळात सगळ्यांना एकच नियम हवा, हे मीही मानत आलो होतो. पण एकच नियम म्हणजे एकच बटण का? आजही यावर लोक भांडतात, नात सांगते.

सुमननं खडू खाली ठेवला. "यशवंतराव, डावा हात पाठीमागं धरा. पायखटक्यावर खेळून दाखवा. सोपं असेल तर तुमचे आकडे वाढतीलच."

यशवंतनं चपला काढल्या, हात पाठीशी धरला आणि ऐटीत दांडा ओढला. गोळी डावीकडून आली, त्याचा पाय उठला, हातही उठला, आणि गोळी गेली. दुसऱ्या गोळीला त्यानं पाय आपटला तो फळकुटाच्या बाहेर. तिसऱ्या गोळीला तोल जाऊन तो मशीनवर आदळला आणि मशीन रुसली. गाळ्यात हशा पिकला. यशवंतचे कान लाल झाले.

"लय अवघड हाय रं हे," तो जयसिंगला म्हणाला. "लिवा वैनी त्येचं नाव."

सुमननं परत खडू उचलला, तर आता जयसिंग आडवा आला.

"आता नगं. आदी माझ्यासंगं डाव मांड. तू हातानं, मी माझ्या पद्धतीनं. समोरासमोर. जो जितंल त्येचं नाव."

"आता?"

"आता."

माणसं रसवंतीतून ग्लास घेऊन आत आली. बल्ब पांढरा लखलखीत होता, त्यामुळे कुणाला सबब नव्हती. दोघं आळीपाळीनं गोळी सोडू लागले. यशवंतनं सुरुवातीला मोठी आघाडी घेतली. त्याची बोटं त्या दिवशी काही वेगळंच बोलत होती. जयसिंगनं ती हळूहळू कमी केली. त्याचा पाय असा पडायचा की आवाज येत नसे. शेवटची गोळी जयसिंगची होती आणि अंतर थोडंच राहिलं होतं. गोळी टोप्यांमध्ये अडकून घणघणत होती, आकडे सरसर फिरत होते. मग ती खाली आली, अगदी मधोमध, कुठल्याच पंजाच्या आवाक्यात नसलेली. जयसिंगनं खांद्यानं मशीनला धक्का दिला. थोडा जास्तच दिला. दिवे गेले. मशीन रुसली.

यशवंत जॉबरनं आरोळी ठोकली. दोन्ही हात वर करून तो जागच्या जागी नाचला, जयसिंगच्या पाठीत फाडकन थाप मारली आणि म्हणाला, "हारलास की रं गड्या! घरी सांगून आलातास काय?"

मला वाटलं, आता काही खरं नाही. सुमननं तोंडावर हात ठेवला. दोन-तीन माणसं यशवंतला धरायला पुढे झाली.

जयसिंग हसायला लागला. आधी खांदे हलले, मग आवाज आला, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. त्याला तसं हसताना मी तोवर पाहिलेलं नव्हतं. यशवंतच बिचारा घाबरला. "काय झालं रं? लागलं काय?"

रसवंतीच्या बाकावर बसून, रसाचा ग्लास हातात घेऊन जयसिंगनं सांगितलं ते असं. "फौजेतनं घरी गेल्यापास्नं मी येकदा बी हारलो न्हाई. पत्त्यांत मीच जिकतो. भाऊ कुस्तीत माझ्यापुढं आपणहून पाठ टेकतो. बायकू वाद घालत न्हाई. कारभारात आबा म्हणतो, तू म्हणशील तसं. समदी मला जिकू देत्यात. लय कंटाळा आला हुता. आज ह्या येड्यानं मला इमानानं हरवलं."

"मग उद्या परत ये," यशवंत म्हणाला, "उद्या बी हरवतो."

फळीवर यशवंतचंच नाव राहिलं. पुढच्या महिन्यात जयसिंगनं ते पुसायला लावलं, नंतर परत यशवंतनं. दोघांची दोस्ती अशी जमली की यशवंत सुटीच्या दिवशी विश्रामबागेत जेवायला जाऊ लागला. मात्र मशीनसमोर त्यानं जयसिंगला कधी एका गोळीचीही सूट दिली नाही.

पुढे धंद्याचं काय झालं ते थोडक्यात. दशक संपता संपता बोटीवरून आलेल्या एका माणसानं टीव्हीला जोडायचा खेळ आणला. सांगलीत तेव्हा टीव्हीचं चित्रच येत नसे. त्यानं टीव्ही आणला तो फक्त या खेळासाठी. काळ्या पडद्यावर दोन पांढऱ्या रेघा आणि एक ठिपका, त्याला टेनिस म्हणायचं. बघायला सगळी सांगली लोटली. मीही गेलो, खेळलो. ठिपका छान पळत होता, पण त्याला वजन नव्हतं. धक्का दिला तरी रुसत नव्हता. मी घरी येऊन सुमनला म्हणालो, यात काही दम नाही. वर्षा-दोन वर्षांत माझा गाळा ओस पडला आणि ज्यात दम नव्हता तो खेळ जगभर गेला. तेव्हा धंद्याच्या भविष्याबद्दल माझं मत कुणी विचारू नये. मशीन मी सुटी केली आणि तिचे बरेच भाग विकले. ते करायला नको होतं असं अजून वाटतं. तिच्या उरलेल्या तारांवर आणि छोट्या दिव्यांवर पुढे कित्येक दिवस माझी रेडिओची दुरुस्ती चालली.

पण मला सांगायचंय ते त्या डावानंतरच्या आठवड्याचं. बाजाराच्या दिवशी दुपारी तात्या गाळ्यात आले. लेकीला भेटायला म्हणून सांगलीला आले होते. पटका काढून बाकावर ठेवला, घाम पुसला, पाणी प्याले. मग इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला.

"मिस्त्री, पोरगं हारलं म्हणं?"

"हो तात्या. हरला."

"खरं हारला, का तुमी कायतरी केलंत?"

"खरंच हरला. शेवटच्या गोळीला मशीन रुसली त्याच्याकडून."

तात्यांनी मशीनच्या काचेवरून हात फिरवला. मग त्यांच्या मिशा हलल्या.

"काल सांजच्याला लेकीच्या घरी पत्ते मांडलं हुतं. माझ्याकडं हुकमाचा एक्का हुता. नेहमीसारका मी तो दाबून ठेवला. तर पोरगं पानं टाकून म्हणतंय, आबा, एक्का कुठं हाय? काढा भाईर."

"मग?"

"मग काय, काढला. धा डाव हरवला त्येला." तात्यांनी पटका उचलून डोक्यावर ठेवला आणि उठले. "आता मी बी सोडत न्हाई."